सहावा निळा पेला

स्फाक्स, ९ नोव्हेंबर २०२३

खूया तौहामी,

चार वर्षांनी तुला भाऊ म्हणून हाक मारते आहे, तेव्हा हे पत्र तू इथेच फाडशील. फाड, पण तुकडे घाण्यासमोर टाकू नकोस, सालेम उचलून वाचेल. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस म्हणून कागदावर लिहितेय. सालेमची लुआज गाडी रोज प्रवासी भरून अगारेबला जातेच. त्याने पत्र न्यायचं कबूल केलं, फक्त आत काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, तेलाविषयी आहे. ते खरंच आहे.

मी कंपनी सोडली. जूनमध्येच. तुला एव्हाना कळलंही असेल, पण कारण चुकीचं कळलं असेल. मला कुणी काढलं नाही आणि भांडणही झालं नाही. मार्चमध्ये आमच्या तेलाला परदेशात पदक मिळालं. तीनशे पिंपांतून ते तेल मी निवडलं होतं, सहा आठवडे रोज सकाळी उपाशीपोटी चाखून. मग इथल्या हॉटेलात समारंभ झाला. संचालक मंचावरून म्हणाले, "आमच्या कंपनीचं नाक देशात पहिल्या नंबरचं आहे!" टाळ्या झाल्या. ते नाक सातव्या रांगेत खांबामागे बसलं होतं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही हिशेबखात्यात का?"

घरी येऊन मी विचार केला, एकोणीस वर्षांत माझं नाव कुठे कुठे उमटलं? डब्यावर नाही, पदकावर नाही, भिंतीवरच्या फोटोखाली नाही. एकाच कागदावर आहे, आणि तो तुझ्याकडे आहे. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. मी कंपनीचं जाकीट घालून आपल्याच घाण्यावर नमुना घ्यायला आले, चहाही न घेता गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुला टपालाने कागद आला, "ढिगाची चव. नाकारावं." खाली माझी सही. तू फोनवर एकच वाक्य बोललास, "बाबांच्या तेलाला तू नासकं म्हणालीस," आणि फोन ठेवलास तो आजवर ठेवलेलाच आहे.

त्यावर वाद घालायला हे पत्र नाही. बाबा म्हणायचे, जैतुनाला आधी घाम येऊ द्यावा, मग घाण्यात घालावं. अकरा दिवस तोडलेल्या फळांचा ढीग छपरावर पडून असायचा. त्याने तेल मऊ होतं, घशाला लागत नाही. आणि त्यानेच ते बिघडतं. दोन्ही खरं आहे, आणि ते तुला मीच सांगायला हवं होतं, टपालाने नाही.

तर मी आता स्वतंत्र तेलपारखी आहे. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते ऐक. मी एका घाणेवाल्याला फोन केला.

"नजीबा बोलतेय."

"कोण नजीबा?"

"तेल चाखणारी."

"आमच्याकडे सगळेच चाखतात, बाई."

"कंपनीतली नजीबा."

"अरे, मॅडम! आधी सांगायचं ना! कंपनी काय म्हणते?"

"मी सोडली."

"मग फोन कशाला केलात?"

असे सतरा फोन केले. कंपनीचं नाव काढून घेतलं की माझ्याकडे काय उरतं, हे मला सतरा वेळा कळलं. आता कार्डं छापली आहेत. फोनवर माझं एक पान उघडलं आहे, ओळखीच्या एका हुशार मुलीने उघडून दिलं. त्यावर मी रोज थोडं सांगते. तेल कुठे ठेवावं, उन्हात का ठेवू नये. एक्केचाळीस माणसं ते पाहतात. त्यांतली एकोणीस आपल्याच घरची आहेत आणि उरलेली विचारतात, की हे केसांना लावलं तर चालेल का.

पानावर माझा फोटोही आहे, हातात चाखायचा निळा पेला. पेला निळा असतो तो तेलाचा रंग दिसून फसू नये म्हणून. आपल्या मावशीला, खालती झकियाला, ते कोण समजावणार? मी आता तिच्याचकडे राहते. उम्मीच्या बहिणींत ही एकटी उरली आणि आवाज मात्र सगळ्यांचा हिच्याकडे आला.

"अगं, दारू पितेयस असं वाटतंय!" ती ओरडली. "निदान समोर रोटी तरी ठेव."

"रोटी ठेवली तर भुकेली वाटेन."

"भुकेली चालेल. भुकेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही."

डिसेंबरात इथे शेतीचं प्रदर्शन आहे. त्यात मला अर्धा तास मिळाला आहे. लोकांनी आणलेली सहा तेलं, नावं झाकून, सगळ्यांसमोर चाखायची आणि काय आहे ते तिथल्या तिथे सांगायचं. जमलं तर लोकांना माझं नाव कळेल. नाही जमलं तरीही कळेल. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही.

नजीबा
स्वतंत्र तेलपारखी (कार्ड सोबत जोडलं आहे, टाकून दे)


स्फाक्स, ५ डिसेंबर

खूया तौहामी,

आधी एक कबुली, म्हणजे पुढचं समजेल. ती ओळखीची हुशार मुलगी म्हणजे तुझी युस्र. कॉलेजसाठी ती स्फाक्सला आली तेव्हापासून दर गुरुवारी आत्याकडे म्हणजे माझ्याकडे जेवते. तिला रागावू नकोस. पहिल्यांदा ती दारात आली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या बापाला माहीत आहे का?" ती म्हणाली, "अम्ती, मी जेवायला आलेय. त्यात बापाचं काय काम?" हे उत्तर तुझंच आहे.

आता प्रदर्शनाचं. दोनशे माणसं तरी असतील. टेबलावर सहा निळे पेले, मागे सहा बंद पाकिटं, आत मालकांची नावं. मी चाखायचं, बोलायचं, मग पाकीट उघडायचं. पहिल्याला म्हटलं, हे पिंप नीट धुतलं नव्हतं. मागून एक म्हातारा उठला, "बायकोला सांगितलं होतं मी!" सगळे हसले. दुसरं तेल उन्हात राहिलं होतं, मालकाने मान खाली घातली. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी बरोबर आली. आवाज कंपनीतल्यासारखाच येत होता.

सहावा पेला उचलला. हुंगला, चाखला. म्हटलं, "यात दोष नाही. आजचं सगळ्यांत चांगलं तेल हेच." पेला हॉलभर फिरला. जो तो बोट बुडवून चाखत होता आणि म्हणत होता, "हेच खरं तेल! आमच्याकडे असंच असायचं." पाकीट उघडलं तर आत तुझं नाव. तौहामी, अगारेब. मी थक्क झाले.

युस्रने बाटली गुपचूप आणून ठेवली होती. तिने तुला कॉलेजसाठी हवं म्हणून सांगितलं, असं आता कबूल करते. मागच्या रांगेत उभी राहून ती उड्या मारत होती. लोक माझं कार्ड मागत होते. चाळीस कार्डं घेऊन गेले होते, एक उरलं नाही. फक्त जबेनियानाच्या घाण्याची दलेंदा नावाची एक बाई होती, तिने सहावा पेला चाखला, खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. असतात एकेक.

नजीबा


स्फाक्स, १४ डिसेंबर

खूया तौहामी,

तुझा निरोप युस्रने सांगितला. "तिला सांग, बाबांना बरं वाटलं असतं." मी तिला तो तीनदा म्हणायला लावला. तुझ्या बायकोने पाठवलेले खजुराचे मक्रूदही मिळाले. तीन मी खाल्ले, बाकीचे खालती झकियाने लपवले आहेत.

इकडे भलतंच चाललं आहे. पान आता साडेसहा हजार माणसं पाहतात. युस्रने सहाव्या पेल्याचा व्हिडिओ चढवला, तो कुणीकुणी पुढे पाठवत राहिलं. फोन केला की कुणी "कोण नजीबा" म्हणत नाही. बाब दीवानजवळ ज्यांचं मोठं दुकान आहे ते सी लमीन स्वतः घरी आले, चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "तुमच्या भावाचं यंदाचं सगळं तेल मी घेतो. बाटलीवर तुमचं नाव घालतो. सोनेरी अक्षरात, 'नजीबा यांनी पारखलेलं'. कसं वाटतं?"

कसं वाटतं म्हणून विचारतात! ते गेल्यावर मी लेबलाचा कागद आरशासमोर धरून पाहिला. सेहेचाळीस वर्षांची बाई, आरशात उलटं दिसणारं स्वतःचं नाव वाचत उभी. खालती म्हणाली, "आता दारू पितेयस असं नाही वाटत. आता प्यायल्यासारखं वाटतंय." तेवीस तारखेला, शनिवारी, त्यांच्या दुकानात पहिल्या बाटल्या मांडायच्या आहेत. तुलाही बोलावणार आहेत. तू येशील असं युस्र म्हणते.

एक विचारायचं होतं, सहजच. यंदा जैतून छपरावर किती दिवस होते? प्रदर्शनाच्या दिवशी मला थोडी सर्दी होती. नाक चोंदलेलं असलं की बारीक गोष्टी निसटतात. म्हणून आपलं विचारलं.

नजीबा


स्फाक्स, २० डिसेंबर

खूया तौहामी,

उत्तर मिळालं. "अकरा दिवस. बाबांच्या वेळी होते तेवढेच. तिला का हवंय?"

का हवंय ते सांगते. मला सर्दी नव्हती.

पेला नाकाशी नेला आणि पहिल्याच श्वासात दोन्ही कळलं. ढिगाची चव आहे हे कळलं आणि तेल आपलं आहे हेही कळलं. थंडीतलं आपलं स्वयंपाकघर, बाबांच्या कोटाची बाही, उम्मी रोटीचा तुकडा बुडवून आधी तुला द्यायची आणि मग मला, सगळं त्या पेल्यात होतं. कंपनीत हेच तेल समोर आलं असतं तर चार सेकंदांत थुंकून 'नाकारावं' लिहिलं असतं. लिहिलंच होतं. तिथे दोनशे माणसांसमोर जीभ वळली नाही. पाकीट उघडल्यावर मी थक्क झाले असं तुला लिहिलं. झाले नव्हते. तसं तोंड केलं होतं.

आणि हॉलमधल्या एकालाही काही खटकलं नाही, कारण सगळे आपल्यासारख्याच घरात वाढलेत. सगळ्यांच्या बापांनी ढीग लावले आहेत. फक्त त्या दलेंदाला कळलं. ती मला ओळखूनच गेली, म्हणून मी तिच्याबद्दल 'असतात एकेक' असं लिहिलं. मला तिची भीती वाटते.

तौहामी, मला स्वतःचीच लाज वाटते आहे. अंगावर कंपनीचं जाकीट होतं तेव्हा मी खरं लिहिलं. ते सोपं होतं, दोष द्यायला कंपनी होती. आता स्वतःच्या नावाने उभी राहिले आणि पहिल्याच मोठ्या दिवशी खोटं बोलले. सहा महिने धडपडले ती लोकांना माझं नाव कळावं म्हणून, आणि कळलं ते या एका खोट्यामुळे. सोनेरी अक्षरात छापून येणार आहे ते हेच.

शनिवारी दुकानात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग सी लमीन तुझं तेल घेणार नाहीत. माझी कार्डं लोक फेकून देतील. आणि तू आत्ता कुठे बोलायला लागला होतास, तो पुन्हा बोलायचा थांबशील. हे सगळं नीट मांडून पाहिलं. पहिल्या दोन गोष्टी सोसतील. तिसरीसाठी दोनदा हे पत्र फाडलं. तरी सांगणार आहे.

आधी तुला सांगतेय, कारण गेल्या वेळी सांगितलं नव्हतं. तू आलास तर तुझ्या शेजारी उभी राहून सांगेन.

नजीबा


स्फाक्स, २९ डिसेंबर

खूया तौहामी,

तू आला नाहीस. सालेमला विचारलं, पत्र दिलंस का? तो म्हणाला, "दिलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मी म्हटलं, उत्तर? तर म्हणाला, तुझी गाडी सुटेल."

तर ऐक. दुकानात खुर्च्या मांडल्या होत्या, बाटल्यांवर लाल फीत होती. सी लमीन दोन शब्द बोलले, मग मला पुढे केलं. मी सांगितलं. लांबड लावली नाही. हे तेल ढिगात मुरलेल्या जैतुनाचं आहे, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, भावाचं आहे म्हणून बोलले नाही, त्याला काही माहीत नव्हतं.

सी लमीननी चष्मा काढला. "बाई, कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"बाटलीवर माझं नाव आहे."

"अहो, लोकांना हीच चव आवडते! मलाही आवडते!"

"मलाही आवडते, सी लमीन. म्हणूनच तर झालं हे."

तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक टोपी सावरत पुढे आला आणि म्हणाला, "दोष आहे ना? मग भाव कमी करा, मी चार घेतो." स्फाक्सची माणसं! मला हसू आलं, आणि हसताना मी एकटीच होते. सी लमीननी नोकरांना लेबलं खरवडायला बसवलं. सोनेरी कागद नीट निघत नव्हता, प्रत्येक बाटलीवर माझ्या नावाचं एखादं अक्षर राहून गेलं.

तुझं तेल त्यांनी घेतलं नाही, हे तुला कळलंच असेल. माझी बोलावणी चार होती, तीन रद्द झाली. पानावर लिहितात, "आधी घरच्यांना पहिला नंबर द्यायचा, मग काढून घ्यायचा." बरोबरच लिहितात. युस्र गुरुवारी आली नाही. फोनवर रडत म्हणाली, "अम्ती, मी तुम्हा दोघांना बोलतं करायला गेले होते." तिच्याशी गोड बोल. तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे, आणि थोडा त्या ढिगाचा.

रागावलास तर राग खरा आहे. फक्त एवढं लक्षात असू दे, की या वेळी आधी तुला सांगितलं होतं.

नजीबा


स्फाक्स, १० एप्रिल २०२४

खूया तौहामी,

ईद मुबारक. सकाळी फोन लावून पाहिला, अजून बंदच आहे. 'बंद आहे' सांगणाऱ्या त्या यंत्राला तरी निदान कंटाळा यायला हवा होता.

माझं बरं चाललं आहे. जानेवारीत जबेनियानाहून फोन आला. "दलेंदा बोलतेय. सहावा पेला." मी म्हटलं, "बोला." ती म्हणाली, "तुला खोटं बोलता येतं आणि खरंही बोलता येतं. आमच्या भागात दोन्ही येणारं माणूस नाही. सोमवारी ये." गेले. फाटकाशीच विचारलं, "प्रदर्शनात गप्प का राहिलात?" ती म्हणाली, "तू स्वतः बोलतेस का ते पाहायचं होतं. नसतीस बोललीस तर मी बोलले असते." तिच्या घाण्यावर एक ढीग नाही. सकाळी तोडलेलं संध्याकाळी दळलेलं असतं. तिने आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी आणखी एकाला. आता पाच घाणे आहेत. ते मला बोलावतात ते मी त्यांचं वाईट तोंडावर सांगते म्हणून. पानावर आता कमी माणसं आहेत, पण केसांबद्दल विचारत नाहीत.

आज ईदचं शरमूला मी केलं. कांदा, बेदाणे, सोबत खारवलेला मासा, सगळं उम्मीसारखं, फक्त तेल दलेंदाचं घातलं. खालती झकियाने एक घास खाल्ला आणि खोकत सुटली. "हे तेल आहे की औषध?" मी म्हटलं, "खालती, चांगलं तेल घशाला लागतं." ती म्हणाली, "मग चांगली माणसंही तशीच का गं?" आणि उठून तिने कपाटातून तुझी जुनी बाटली काढली. माझ्या ताटातही तिने त्यातलंच ओतलं, आणि मी ते पुसून खाल्लं. हे कुणाला सांगू नकोस.

नजीबा


स्फाक्स, १६ नोव्हेंबर २०२४

खूया तौहामी,

काल सालेम फडक्यात बांधलेली बाटली घेऊन आला. "पत्र नाही," तो म्हणाला, "विचारू नका." फडकं सोडलं. बाटलीवर वहीचा कागद चिकटवलेला होता, तुझ्या अक्षरात.

तौहामी, अगारेब.
तोडणी ११ नोव्हेंबर, सकाळी.
घाणा ११ नोव्हेंबर, संध्याकाळी.
पारख:

पुढे जागा कोरी.

मी युस्रला फोन केला. आता ती पुन्हा गुरुवारी येते, हे तुला माहीत आहेच. ती म्हणाली, तू ऑक्टोबरात प्लास्टिकचे क्रेट आणलेस आणि छप्पर झाडून रिकामं केलंस. तोडणीच्या बायकांनी फळं ओरबाडायला बोटांवर चढवलेली बकऱ्याची शिंगं काढून तुला विचारलं, "सी तौहामी, ढीग कुठे लावायचा?" तर तू म्हणालास, "यंदा नाही लावायचा," आणि आत निघून गेलास. माझं ते डिसेंबरचं पत्र अजून तुझ्या कोटाच्या खिशात आहे, असंही तिने सांगितलं. ते बाहेर काढ, पावसात भिजेल.

बाटली मी आज सकाळी उघडली, उपाशीपोटी, नियमाप्रमाणे. निळ्या पेल्यात ओतून हातात ऊब दिली. हुंगलं. ओली पानं, कच्चा बदाम. चाखलं, दोनदा खोकले. जिभेवर कडू, घशात तिखट, मागे काहीही रेंगाळत नाही. शोधून शोधून पाहिलं. दोष नाही. यंदा मी चाखलेल्यांत हे पहिल्या तिनांत आहे, आणि हे तू भाऊ आहेस म्हणून सांगत नाही.

मग मी पेला खाली ठेवला आणि रडले. बाबांना पुरलं त्या दिवशी रडले होते, त्यानंतर असं रडले नव्हते. खालती झकिया स्वयंपाकघरातून धावत आली.

"एवढं वाईट आहे?"

"फार चांगलं आहे, खालती. यात बाबा नाहीत."

तिने पेला घेतला, चाखला, खोकली, आणि माझ्या शेजारी बसून राहिली. तुला छप्पर झाडताना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. मी नुसतं तोंडाने सांगते, 'ढीग नको.' तो हाताने उचलावा तुला लागला.

कोऱ्या जागेत मी नाव लिहिलं आहे. साध्या निळ्या पेनाने. पहिलं अक्षर वाकडं आलं आहे, तसंच राहू दे. बाटली सालेमबरोबर परत पाठवतेय. हा कागद दलेंदाला दाखव, सी लमीनना दाखव, कुणालाही दाखव. माझ्या नावाला त्या कागदावर आता लाज वाटत नाही.

एक मागणं आहे. ओढ्याकडच्या म्हाताऱ्या झाडांची फळं शेवटी तोडतोस ना, त्यांचा एक लहानसा ढीग छपरावर लाव. अकरा दिवस. एक रांजण भरेल एवढाच. विकायचा नाही, प्रदर्शनात न्यायचा नाही, युस्रच्या हाती तर मुळीच लागू द्यायचा नाही. ते तेल मी पारखणार नाही. त्यावर चिठ्ठी लावू नकोस, माझं नाव नको आणि तुझंही नको. ते कुणाचं आहे हे आपल्या दोघांना ठाऊक आहे.

बाराव्या दिवशी मी गरम रोटी घेऊन येते. पहिला तुकडा तुझा.

तुझी बहीण